खेळाडूंची देवघेव आणि निवडीचा न्याय

इतिहास म्हणजे राजांच्या लढायांची व तहांची जंत्री, हा समज आता बराच मागे पडला आहे. धान्याचे भाव, पोशाख, सण, व्यापार यांचाही इतिहास लिहिला जातो आणि सुशिक्षित वाचक तो आवडीने वाचतात. मात्र खेळाकडे पाहण्याची आपली दृष्टी अद्याप फारशी बदललेली नाही. सामना पाहावा, टाळ्या पिटाव्या, घरी येऊन जेवावे आणि विसरून जावे, एवढेच त्याचे मोल आपण मानतो. वस्तुतः एखाद्या समाजाने आपल्या संघात कोणाला घेतले, कोणाला वगळले, कोणाला मोल देऊन आणले आणि कोणाला फुकट जाऊ दिले, हे पाहिले असता त्या समाजाच्या मनाचा जो ठाव लागतो, तो पुष्कळ राजकीय कागदपत्रांतूनही लागत नाही. प्रस्तुत लेखक खेळाडू नाही. केवळ हौशी प्रेक्षक आहे. परंतु निवडीची यादी प्रसिद्ध झाली की तिच्यावर तासन् तास वाद घालणाऱ्या लोकांत त्याची गणना निःसंशय होईल. त्या वादाच्या मुळाशी काय आहे, हे इतिहासाच्या साहाय्याने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे जाफराबाद जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पूर्वी ते निजामाच्या राज्यात होते, नंतर औरंगाबाद जिल्ह्यात आले, आणि १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यात गेले. पूर्णा नदीला येथे येऊन मिळणाऱ्या नदीला कोणी केळणा म्हणतात, कोणी खेळणा म्हणतात. खेळाच्या लेखास दुसरे नाव अधिक शोभेल. याच नदीच्या काठी, आमच्या तालुक्यातील असईच्या शिवारात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली व शिंदे-भोसले यांची लढाई झाली. खेळाच्या लेखात लढाई कशास, असे वाचक विचारतील. उत्तर असे की, शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व त्या दिवशी पोलमन नावाच्या हॅनोव्हरी माणसाकडे होते, आणि हा गृहस्थ पूर्वी कंपनीच्याच चाकरीतील एका पलटणीत सार्जंट होता. युद्धाच्या तोंडावर कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांस आपल्याकडे बोलाविले, आणि कित्येक अधिकारी खरोखरच सोडून गेले. म्हणजे गुणवान माणूस मोल देऊन आपल्याकडे आणावयाचा, व प्रतिपक्षाचा फोडावयाचा, ही विद्या आमच्या नदीकाठी दोनशे वर्षांपूर्वीच खेळली गेली आहे. आज खेळाडूंच्या लिलावाच्या रात्री गावातील मुले मोबाईलवर डोळे लावून बसतात, आणि ‘आपला’ खेळाडू दुसऱ्या संघाने नेला म्हणून हळहळतात, तेव्हा मला पोलमनची आठवण होते. पैशासाठी बाजू बदलणारा माणूस आपला म्हणावा काय? आणि आपला म्हणजे तरी कोणाचा?

या प्रश्नाचे पहिले उत्तर आपल्या देशाने धर्माच्या नावाने दिले. मुंबईस युरोपियन व पारशी यांचे सामने होत. त्यांत १९०७ साली हिंदू व १९१२ साली मुसलमान संघ आला, आणि चौरंगी सामने म्हणून ते प्रसिद्ध झाले. १९३७ साली ‘इतर’ नावाचा पाचवा संघ मिळून ते पंचरंगी झाले. या व्यवस्थेत देवघेवीस वावच नव्हता, कारण खेळाडू जन्मतःच एका संघास बांधलेला. प्रेक्षकाचीही निष्ठा जन्मानेच ठरे. असे असता तेथे तरी निवड निर्मळ व्हावी, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु इतिहास निराळेच सांगतो.

पाळवणकर बाळू यांचे नाव आज पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांचा पगार फारसा कोणास ठाऊक नाही. चर्मकार समाजात जन्मलेला हा पुरुष पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची व्यवस्था पाहण्यास होता, व दरमहा चार रुपयांवर साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत असे. त्या सरावातच त्यांच्या डाव्या हाताला ती विलक्षण कला साधली. पुण्याच्या हिंदू मंडळींना गोऱ्यांस हरवावयाचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांचा स्पर्श चाले. कारण तेथे चेंडू मध्ये होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना निराळ्या मातीच्या भांड्यात, मंडपाबाहेर, चहा मिळे. पुढे ते मुंबईस आले, रेल्वेत नोकरीस लागले, आणि १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले त्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडास गेला, तो एकंदरीत हरतच राहिला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

एवढ्या कर्तबगारीनंतर कर्णधारपद त्यांच्याकडे चालून यावयास हवे होते. ते आले नाही. वर्षे गेली, त्यांचे बंधू शिवराम, गणपत व विठ्ठल हेही संघात नावारूपास आले, तरी नेतृत्व उच्चवर्णीयांकडेच राहिले. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले, आणि कर्णधार पै आजारी असल्याने पहिल्या सामन्याचे नेतृत्व वयाने व अनुभवाने लहान असलेल्या देवधरांना देण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले व जाहीर पत्रक काढून आपले कारण सांगितले. लोकमताचा रेटा असा पडला की, अंतिम सामन्यासाठी बंधू परत आले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले, आणि पै यांनी खेळ चालू असता मैदान सोडून काही वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती दिली. अखेर १९२३ साली विठ्ठल पाळवणकर हिंदूंचे कर्णधार झाले; त्यांच्या संघाने युरोपियनांना हरविले, आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. विठ्ठलरावांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने आपली हकीकत मराठीत लिहून ठेवली आहे.

या प्रकरणातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, ज्या संघाशी खेळाडू रक्ताने बांधला गेला, त्या संघानेही त्याला न्याय दिला नाही. तेव्हा ‘पूर्वी निष्ठा होती, आता बाजार झाला’ हे रडगाणे इतिहासास धरून नाही. दुसरी ही की, निवड करणाऱ्यांस वळण लावले ते खेळाडूंच्या स्वाभिमानाने व प्रेक्षकांच्या बोलण्याने. यादीवर वाद घालणारा हौशी माणूस अगदीच निरुपद्रवी प्राणी नव्हे.

ज्यांच्यामुळे १९२० साली पाळवणकर बंधू दुखावले, त्या प्रा. दि. ब. देवधरांवरही पुढे निवडीची पाळी उलटली. पुण्यास संस्कृत शिकविणारा हा प्राध्यापक १९२६ साली गिलिगनच्या संघाविरुद्ध १४८ धावा करून गेला. परंतु १९३२ साली हिंदुस्थानचा पहिला कसोटी संघ इंग्लंडास निघाला तेव्हा देवधरांची चाळिशी झाली होती, आणि ते त्या संघात नव्हते. तरी त्यांनी बॅट खाली ठेवली नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, आणि दुसऱ्या वर्षी अठ्ठेचाळिशीतल्या या गृहस्थाने मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. निवड समितीचे उत्तर पत्रकाने द्यावयाचे असते तसे ते धावांनीही द्यावयाचे असते, हे त्यांनी दाखविले. मात्र याच ठिकाणी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. देवधरांना उत्तर देण्यास मैदान मोकळे होते. बाळूंना १९२० साली मैदानच नाकारले गेले होते. दोन्ही अन्यायांना एकाच मापाने मोजणे बरे नव्हे.

दुसरे उत्तर संस्थानिकांनी दिले. संस्थानी दरबारात गुणी माणसास आश्रय देण्याची चाल जुनीच. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे मैदान उभारले, आणि पंजाबातील मल्लही त्यांच्या पदरी राहून कुस्त्या खेळले. क्रिकेटात हीच चाल इंदूर व बडोदे येथे पूर्णत्वास गेली. नागपूरच्या कोट्टारी कनकैया नायडू यांना तुकोजीराव होळकरांनी १९२३ साली इंदुरास बोलाविले आणि आपल्या फौजेत अधिकार दिला. तीन वर्षांनी याच नायडूंनी मुंबईच्या मैदानावर गिलिगनच्या संघाविरुद्ध अकरा षटकार मारून १५३ धावा काढल्या, आणि १९३२ साली ते हिंदुस्थानचे पहिले कसोटी कर्णधार झाले. तेथेही निवडीची गंमत पाहण्यासारखी आहे. दौऱ्याचे कर्णधार म्हणून पोरबंदरच्या महाराजांना नेमले होते. परंतु आपल्यापेक्षा योग्य माणूस संघात आहे, हे ओळखून त्यांनी कसोटीच्या दिवशी बाजूला होण्याचे सौजन्य दाखविले. चारच वर्षांनी, १९३६ साली, विजयानगरमच्या महाराजकुमारांनी ते सौजन्य दाखविले नाही. त्या दौऱ्यात लाला अमरनाथांना अर्ध्यातूनच घरी धाडण्यात आले. मैदानावरील पदे राजवाड्यात वाटली जाऊ लागली म्हणजे काय होते, याचे हे दोन नमुने.

नायडूंच्या भोवती होळकरांनी जो संघ जमविला, तो निरनिराळ्या प्रांतांतून वेचून आणलेला होता. मुश्ताक अली घरचेच. पण चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर यांसारखी मंडळी बाहेरून आलेली. १९४४-४५ च्या हंगामापासून अकरा वर्षांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यास पोहोचला व चार वेळा विजयी झाला. पहिल्याच अंतिम सामन्यात, युद्धानिमित्त हिंदुस्थानात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून मुंबईविरुद्ध खेळला व त्याने नाबाद २४९ धावा केल्या. तरी होळकर हरलेच. पाहुण्या फलंदाजाच्या बळावर करंडक येतोच असे नाही, हा धडा आजच्या संघमालकांनीही वाचण्यासारखा आहे.

बडोद्याची कथा महाराष्ट्राच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. सांगलीचे विजय हजारे यांनी १९३९-४० साली पुण्यास महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा केल्या, आणि त्या नेमक्या बडोद्याविरुद्ध. ज्याने आपल्या गोलंदाजांची अशी दैना केली, त्यालाच आपल्याकडे आणावे, हे शहाणपण बडोद्याच्या दरबारास सुचले. १९४१ पासून हजारे बडोद्याचे झाले. १९४७ च्या मार्च महिन्यात त्यांनी व लाहोराहून आलेल्या गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध अंतिम सामन्यात चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागीदारी रचली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. म्हणजे एक सांगलीकर आणि एक लाहोरकर, बडोद्याच्या नावाने, नागपूरकर नायडूंच्या इंदूरविरुद्ध लढत होते. पाचच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. त्या वर्षी धर्माच्या नावाने माणसे वेगळी होत असता, दरबारी पगाराच्या नावाने दोन माणसे खेळपट्टीच्या दोन टोकांना उभी राहून एकमेकांच्या धावांसाठी धावत होती, हे चित्र मला फार बोलके वाटते. आणि महाराष्ट्र? देवधरांच्या त्या दोन विजयांनंतर पुढील ऐंशी वर्षांत महाराष्ट्राच्या संघास रणजी करंडक लाभला नाही. हे सारे हजारे गेल्यामुळेच झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे हजारेंचे नाव कौतुकाने घेऊन शेवटी एक सुस्कारा सोडीत, तो कशाचा होता हे आता कळते.

हजारेंना दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. संसार असलेल्या माणसाला अन्न लागते. टाळ्यांनी चूल पेटत नाही. शिवाय जन्माने मिळालेल्या संघात हजारेंना कोठे जागा होती? ते ख्रिस्ती असल्याने पंचरंगी सामन्यांत ‘इतर’ या संघातून खेळत. १९४३ साली अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने हिंदूंविरुद्ध ३८७ धावा केल्या; त्यांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. ज्याला देशातील एका मोठ्या स्पर्धेने ‘इतर’ म्हटले, त्यानेच १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे इंग्लंडचा पराभव करून भारतास पहिला कसोटी विजय मिळवून दिला. १९४६ नंतर ते पंचरंगी सामने बंद झाले, आणि ते बंद झाले हे बरेच झाले.

निंबाळकरांची गोष्ट मात्र मनाला चटका लावणारी आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना ते नाबाद ४४३ धावांवर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला होता. आणि प्रतिपक्षाने पुढे खेळण्याचे नाकारून सामना सोडून दिला. ज्याने एवढा डाव उभा केला, ज्याला महाराष्ट्र, बडोदे, होळकर, रेल्वे अशा संघांनी हौसेने जवळ केले, त्याला भारताच्या कसोटी संघात एकदाही स्थान मिळाले नाही. २०१२ साली ते वारले. बाजाराने ज्याला किंमत दिली, त्याला निवडीने मान दिला नाही. किंमत आणि मान या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे निंबाळकरांच्या आयुष्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

तिसरे उत्तर भांडवलाचे, आणि ते प्रथम पश्चिमेकडून आले. १९०५ साली इंग्लंडात ॲल्फ कॉमन या फुटबॉलपटूसाठी मिडल्सबरोने संडरलंडला एक हजार पौंड दिले, तेव्हा माणसांची खरेदी-विक्री चालली आहे म्हणून तेथील वृत्तपत्रांनी गिल्ला केला. अमेरिकेत बेसबॉलच्या संघांनी खेळाडू आपसांत बदलून घेण्याची पद्धत इतकी रूढ केली की, खेळाडूस विचारण्याची गरजच कोणास वाटेना. १९६९ साली कर्ट फ्लड नावाच्या कृष्णवर्णीय खेळाडूस सेंट लुईसच्या संघाने फिलाडेल्फियास देऊन टाकले. त्याने जाण्याचे नाकारले, आपण विकण्याची वस्तू नाही असे कळविले, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९७२ साली तो हरला. परंतु तीनच वर्षांनी इतर खेळाडूंना ते स्वातंत्र्य मिळाले. पाळवणकर बंधूंच्या पत्रकाशी या गोष्टीचे नाते आहे, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

सर्वोत्तम खेळाडूंचा निवडक संघ करून सामना खेळवावयाचा, ही कल्पनाही तिकडचीच. १९३३ साली शिकागो येथे तो पहिला सामना झाला, आणि खेळाडू निवडण्यास प्रेक्षकांची मते मागविण्यात आली. लोकशाहीचे हे रूप पाहून कोणासही समाधान वाटेल. परंतु १९५७ साली सिनसिनाटीच्या लोकांनी मतांचा असा पूर लोटला की, एका बाजूच्या संघातील बहुतेक सर्व जागा त्यांच्याच गावच्या खेळाडूंनी पटकाविल्या. तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांतील दोघांना काढून टाकले, व प्रेक्षकांचा मताधिकार पुढे १९७० पर्यंत बंद ठेवला. प्रेक्षक न्यायासाठी भांडतो हे खरे. पण आपल्या गावाचा प्रश्न आला की त्याच्या तराजूचा काटा कलतो, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईस खेळाडूंचा पहिला मोठा लिलाव झाला व महेंद्रसिंह धोनी यांना चेन्नईच्या संघाने पंधरा लाख डॉलरला घेतले. २०१४ साली कबड्डीचाही लिलाव झाला. ज्या खेळाला आमच्या खेड्यांतून मोकळी जागा आणि आखलेली रेघ यांपलीकडे काही लागत नसे, त्यात राकेश कुमार यांना पाटण्याच्या संघाने बारा लाख ऐंशी हजार रुपये दिले. त्याच वर्षी आमच्या जालन्याचा विजय झोल हा भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचा कर्णधार होऊन विश्वचषकास गेला, आणि लिलावात बंगळूरच्या संघाने त्यास घेतले. त्यापूर्वी महाराष्ट्राच्या त्याच वयोगटाकडून त्याने एका डावात नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. जिल्ह्यातील प्रत्येक चहाच्या टपरीवर त्या वेळी बंगळूरचे चाहते निर्माण झाले. बंगळूर कोठे आहे हे न पाहिलेला माणूस बंगळूरसाठी भांडू लागतो, ही निष्ठा खोटी म्हणावी काय? ती गावाची निष्ठाच आहे. केवळ तिचा पत्ता बदलला आहे.

लिलावास नाके मुरडणाऱ्यांत पूर्वी मीही होतो. आता तितका राहिलो नाही, आणि त्याचे कारण सांगताना थोडी कबुली द्यावी लागते. काही वर्षांपूर्वी तालुक्यातील मुलांचा एक संघ निवडण्यासाठी चार-पाच जण बसले होते. त्यांत प्रेक्षक म्हणून नाव कमावलेला मीही होतो. एक मुलगा सर्वांहून उजवा होता. अनवाणी धावून तो असे झेल घेई की बघणाऱ्याने श्वास रोखावा. त्याचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीनंतर तो बरोबर जाईल, मधेच संघ सोडील, म्हणून त्याला घेऊ नये असे एकाने सुचविले. सर्वांनी मान हलविली, आणि मीही हलविली. त्याला थांबावयास काय लागेल, कोणाच्या घरी दोन महिने जेवण मिळेल, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. ज्याने बाळूंच्या मातीच्या भांड्यावर वर्गात व्याख्याने दिली, त्याच्याकडून हे झाले. यादी भिंतीवर लागली तेव्हा त्या मुलाने ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. तो काही बोलला नाही.

त्या दिवसापासून इतिहासाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. निवड समितीतील माणसे दुष्ट असतात असे नाही. पुष्कळदा ती आमच्यासारखीच सभ्य, वाचलेली, आणि सोयीचे कारण चटकन पटणारी असतात. १९२० सालच्या मंडळींनाही आपले कारण सोयीचे वाटले असेल. लिलावाचा बाजार निष्ठुर आहे, त्यात माणसावर किमतीची चिठ्ठी लागते, हे मला मान्य आहे. पण तो उघड्यावर चालतो, आणि त्यात विचारणा खेळाची होते, जातीची वा बापाच्या धंद्याची होत नाही. तरी बाजारावर सर्व सोपवून चालणार नाही. बाजार तयार खेळाडू उचलतो. अनवाणी मुलाला बूट देत नाही. ते काम पूर्वी कधी एखाद्या राजाने केले, कधी रेल्वेने केले. आता ते गावाने, शाळेने व जिल्ह्याने केले पाहिजे. निवड कशावरून केली ते लिहून ठेवावे व मागणाऱ्यास दाखवावे, एवढा एक नियम जरी आपण पाळला, तरी पुष्कळ याद्या सुधारतील.

खेळाडूने कोणाकडून खेळावे हे त्याचे त्याने ठरवावे; पोट सर्वांनाच आहे, आणि हजारे बडोद्यास गेले म्हणून ते सांगलीचे नव्हते असे होत नाही. त्याला खेळावयास मिळते की नाही, हे मात्र आपण ठरवितो. पुढच्या दिवाळीपूर्वी तालुक्यात पुन्हा निवडीची बैठक होईल. मला बोलाविले तर मी जाणार आहे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची नावे प्रथम विचारणार आहे.